धाकटीचा बुधवार, थोरल्याचा गुरुवार

२०२४ च्या भाऊबीजेला आमच्या घरी जो घोळ झाला तो आधी सांगते, नाहीतर २०२५ ला मी दिवाळीच्या तोंडावर फराळ सोडून कागदाच्या पट्ट्या कापत का बसले होते ते कुणाला कळायचं नाही.

मला दोन पोरं. थोरला मुलगा सामोआत आहे, आपियाला, तिथली राजधानी आहे ती, एका बांधकाम कंपनीचे हिशेब बघतो. आधी फिजीत होता, तिथनं बदली झाली. धाकटी लेक होनोलुलूला, हवाई बेटांवर, प्रवाळावर पीएचडी करायलीय. दोघंही पॅसिफिक महासागरात, दोघंही बेटावर आणि आम्ही दोघं इकडं बेळगावात शहापूरला. लोक म्हणतात बरं झालं की, बहीणभाऊ जवळ जवळ आहेत. जवळ कसले, मधे चार हजार किलोमीटर नुसतं पाणी, आणि पाणी परवडलं पण मधे ती तारखेची रेघ आहे ना, जिच्या एका बाजूला आज आणि दुसऱ्या बाजूला उद्या, ती नको.

तर त्या वर्षी ठरलं होतं ३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी दहाला व्हिडिओ कॉल. कुणाचे दहा हे कुणी विचारलंच नाही. थोरल्यानं त्याच्या रविवारी दहाला बहिणीला फोन लावला, तेव्हा तिकडं शनिवारचे अकरा वाजलेले, ती बाजारात, म्हणाली दादा उद्या आहे ना, आज कशाला. तिच्या रविवारी दहाला तिनं आंघोळ करून, ताट सजवून फोन लावला तर तिकडं सोमवार सकाळचे नऊ, हा ऑफिसात मीटिंगमधे. ह्या दोन्ही वेळेला आम्ही इथं मध्यरात्री घोरत होतो. आणि मी माझ्या दहाला फोन लावला तेव्हा थोरला रुसून बसलेला, संध्याकाळचे साडेपाच वाजलेत म्हणे, सकाळपासनं वाट बघतोय, कुणाला आठवण नाही. तीस वर्षाचा घोडा झालाय तरी बहिणीनं ओवाळलं नाही म्हणून रुसतो. मला आतनं बरंच वाटलं, पण ते त्याला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी दसरा झाल्या झाल्या मी ठरवलं की हे काम आता पोरांवर सोडायचं नाही. मी एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलंय, रेखावृत्त-अक्षवृत्त पोरांकडनं घोकून घेतलंय, मला जमणार नाही असं काय आहे त्यात.

पहिल्यांदा मोबाईलमधे वर्ल्ड क्लॉक लावलं. आपिया आमच्यापुढं साडेसात तास, होनोलुलू आमच्यामागं साडेपंधरा तास. बेरीज केली, तेवीस तास. म्हणजे थोरला बहिणीच्या तेवीस तास पुढं. इथपर्यंत ठीक. पण धाकटीला विचारलं तर ती म्हणते, "आई, एवढं काय अवघड, दादा माझ्यापेक्षा एक तास मागं आहे, फक्त उद्याच्यात." एक तास मागं आणि उद्याच्यात! मी म्हणलं बाई तू पीएचडी कर, मला सांगू नको. पण तिचं बरोबर होतं. तिच्या घड्याळात दुपारचे तीन तर त्याच्या घड्याळात दुपारचे दोन, फक्त तिचा बुधवार असला तर त्याचा गुरुवार. एक चांगलं की उन्हाळ्यात घड्याळ पुढं सरकवायची भानगड या तिन्ही ठिकाणी नाही. सामोआत होती पण २०२१ ला त्यांनी बंद केली. म्हणजे हा तेवीस तासाचा हिशेब बारा महिने तोच राहणार, एकदा केला की झालं.

तरी मला ते पटेना. माळ्यावर जुना पृथ्वीगोल होता तो काढला, पुसला. होनोलुलू पश्चिम रेखांश १५८ च्या आसपास, आपिया १७२ च्या आसपास, तेही पश्चिमच. म्हणजे मधे फक्त चौदा अंश. एका अंशाला चार मिनिटं हे तर आमच्या पोरांना झोपेत विचारलं तरी सांगायची. चौदा चोक छप्पन्न. म्हणजे सूर्याला विचारलं तर या दोन बेटांत तासाभराचा पण फरक नाही. तिच्या डोक्यावर ऊन आलं की तासाभरात त्याच्या डोक्यावर. मग हे तेवीस तास आले कुठनं?

आले ते माणसांनी आणले. सामोआ आधी होनोलुलूच्याच बाजूला होतं, तारखेनं म्हणजे. १८९२ मधे अमेरिकन व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी ते रेघ ओलांडून तिकडं गेले, त्या वर्षी ४ जुलै दोनदा आला त्यांच्याकडं. पुढं सगळा व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला, इकडं शुक्रवार तर तिकडं शनिवार, आठवड्यातले कामाचे दोन दिवस फुकट जायचे, म्हणून २०११ ला त्यांनी परत उडी मारली. २९ डिसेंबर गुरुवारी झोपले ते ३१ डिसेंबर शनिवारी उठले. ३० तारीखच नाही त्या वर्षी. त्या दिवशी ज्याचा वाढदिवस असेल त्यानं काय करायचं काय की. शेजारचं अमेरिकन सामोआ मात्र तिकडंच राहिलं, मधे शे-सव्वाशे किलोमीटर पाणी आणि तारखेत एका दिवसाचा फरक.

हे मी ह्यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, आमच्या आजोबांचं पण तेच की, ३१ ऑक्टोबर १९५६ ला रात्री मुंबई राज्यात झोपले आणि सकाळी म्हैसूर राज्यात उठले, अंगण तेच, विहीर तीच. मग म्हणाले, निदान ह्या सामोआवाल्यांनी स्वतः तरी ठरवलं. त्यावर मी काही बोलले नाही, कारण तो विषय निघाला की चहा गार होतो. आणि सामोआवाले बदलाबदलीत पटाईतच दिसतात, २००९ मधे त्यांनी गाड्या उजवीकडनं डावीकडं घेतल्या, थोरला सांगत होता.

आता पट्ट्या. शाळेतल्या चौकटीच्या वहीची पानं जोडून मी तीन लांब पट्ट्या केल्या, एक चौकट म्हणजे एक तास. एक थोरल्याची, एक आमची, एक धाकटीची. प्रत्येकीवर २२, २३, २४ ऑक्टोबर लिहिलं, मध्यरात्रीला लाल रेघ. २०२५ ची भाऊबीज कॅलेंडरवर २३ ऑक्टोबर गुरुवार होती, म्हणून तिन्ही पट्ट्यांवर २३ तारीख पिवळी रंगवली. मग एकाखाली एक ठेवून सरकवल्या, थोरल्याची साडेसात चौकटी एका बाजूला, धाकटीची साडेपंधरा चौकटी दुसऱ्या बाजूला. ह्या अर्ध्या चौकटीनं लई त्रास दिला, आपलं ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढचं घड्याळ कुणाच्या चौकटीत सरळ बसत नाही. (आणि आपलं तरी खरं कुठं आहे, आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशावरचं, तिकडं मिर्झापूरकडचं, बेळगाव साडेचौऱ्याहत्तर अंशावर, आठ अंश म्हणजे बत्तीस मिनिटं आपला सूर्य घड्याळाच्या मागनंच येतो.)

पट्ट्या जुळल्या आणि मी बघतच बसले. थोरल्याचा पिवळा आणि धाकटीचा पिवळा, दोन्ही एकावर एक येत होते ते फक्त एका चौकटीत. एकाच. थोरल्याच्या २३ तारखेचा शेवटचा तास, रात्री अकरा ते बारा, आणि धाकटीच्या २३ तारखेचा पहिला तास, रात्री बारा ते एक. आपल्याकडं दुपारी साडेतीन ते साडेचार. म्हणजे ह्या दोन भावंडांची तारीख चोवीस तासात फक्त एक तास एक असते, बाकी तेवीस तास ते वेगवेगळ्या दिवसात राहतात. त्या एका चौकटीवर मी पेन्सिलीनं गोल केला आणि सगळ्यांना ग्रुपवर फोटो टाकला, सापडली वेळ म्हणून, फार आनंदात.

आनंद पाच मिनिटं टिकला. थोरला म्हणाला रात्री अकराला चालेल पण सकाळी सहाला साईटवर जायचं असतं. धाकटी म्हणाली मध्यरात्री निरांजन लावलं तर रूममेट पोलीस बोलवेल. हे म्हणाले, "पंधरा तीसला मी झोपलेला असतो." आर्मीची सवय, ह्यांचं घड्याळ चोवीस तासाचं, मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झाले पण अजून घरात साडेतीन म्हणत नाहीत. आणि दुपारची झोप म्हणजे झोप, भाऊबीज असू दे नाहीतर लढाई. शेजारच्या अक्का, त्या कन्नड बोलणाऱ्या पण चाळीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत, त्या पट्ट्या बघून हसल्या आणि म्हणाल्या, तुमची भाऊबीज चुकली तर आमच्यात या, आमच्यात भावन बिदिगी म्हणजे भावाची बीज असते आणि दुसऱ्या दिवशी अक्कन तदिगी म्हणजे बहिणीची तीज, एक दिवस जादा मिळेल. मला ती आयडिया मनापासून आवडली होती, खोटं नाही सांगत.

पण मन मानेना म्हणून गुरुजींना फोन केला. दिवाळीच्या आठवड्यात गुरुजींना फोन करणं म्हणजे लग्नसराईत आचाऱ्याला स्वयंपाक विचारण्यासारखं. मी सगळं सांगितलं, तेवीस तास, चौकट, मध्यरात्र. ते मधेच तोडत म्हणाले, "बाई, तुम्ही तारीख कशाला धरून बसलाय? भाऊबीज तारखेची असते की तिथीची?" मी म्हणलं तिथीची, पण तिथं तिथी कुठली धरायची? तर म्हणाले चंद्र आणि सूर्य यांच्यात बारा अंशाचं अंतर पडलं की एक तिथी, तुमच्या पोरांकडं चंद्र वेगळा आहे काय? द्वितीया जगात सगळीकडं एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते, फक्त त्या क्षणी कुणाच्या भिंतीवर किती वाजलेत ते वेगळं. सण कुठल्या दिवशी करायचा ते त्या गावच्या सूर्यावरनं बघायचं, भाऊबीजेला अपराण्हकाळी द्वितीया पाहिजे, म्हणजे दुपार कलल्यावर. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, मागनं घंटा वाजायलीच होती.

मी परत पट्ट्यांवर बसले. माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही याची मला लाज वाटली, कारण मला तर सख्खा भाऊ नाही, मी लहानपणापासनं बीजेच्या चंद्रालाच ओवाळत आलेय.

आपल्याकडं द्वितीया लागत होती २२ ऑक्टोबरला रात्री सव्वाआठच्या सुमारास आणि संपत होती २३ ला रात्री पावणेअकराच्या सुमारास. सव्वीस तासांची मोठी तिथी. आता ती पट्टीवर हिरव्या पेन्सिलीनं रंगवली. थोरल्याकडं लागते २३ च्या पहाटे पावणेचारला, संपते २४ च्या सकाळी सव्वासहाला. म्हणजे त्याची दुपार २३ ची, गुरुवारची. धाकटीकडं लागते २२ च्या पहाटे पावणेपाचला आणि संपते २३ च्या सकाळी सव्वासातला. म्हणजे तिची दुपार २२ ची, बुधवारची! तिची भाऊबीज बुधवारी, त्याची गुरुवारी. आणि तिचा बुधवार दुपारी तीन म्हणजे त्याचा गुरुवार दुपारी दोन, तोच क्षण. दोघांच्याही दुपारा कललेल्या, दोघांच्याही डोक्यावर एकच बीज, आणि आपल्याकडं गुरुवार सकाळचे साडेसहा, नुकतंच उजाडलेलं. पिवळ्या रंगात एक चौकट मिळत होती ती पण मध्यरात्रीची, आणि हिरव्या रंगात अख्खा दिवस मोकळा पडला.

मी हे तीनदा तपासलं. बोटांवर, पट्टीवर, मोबाईलवर. ह्यांना पण तपासायला लावलं, हे चष्मा लावून म्हणाले, "झिरो सिक्स थर्टी. कन्फर्म." ह्यांच्याकडनं एवढं कौतुक म्हणजे पुष्कळ.

धाकटीला मात्र समजवायला लागलं. तिच्या मोबाईलमधल्या मराठी कॅलेंडरवर २२ ला पाडवा आणि २३ ला भाऊबीज. ते कॅलेंडर आपल्या सूर्यावरचं, तिच्या नाही. मी तिला म्हणलं, तुझ्या मागं जगातली खूप कमी वस्ती आहे, दिवस सगळीकडं होऊन झाला की शेवटी तुझ्याकडं येतो, पण चंद्र तुझ्यासाठी थांबत नाही. ती म्हणाली, आई आमच्या खाली दक्षिणेला किरीटीमाटी नावाचं बेट आहे, त्यांचं आणि आमचं घड्याळ अगदी सारखं चालतं, मिनिटाचा फरक नाही, फक्त त्यांची तारीख एकानं पुढं. किरिबाती देशानं १९९५ च्या सुरुवातीला रेघ ओलांडली, का तर एकाच देशात अर्धी बेटं आज आणि अर्धी उद्या असायची. मी म्हणलं मग तुझा दादा तिथं असता तर बरं झालं असतं, निदान वाजले किती यावर तरी भांडण नसतं.

चौथीच्या वर्गात मी दरवर्षी एक गोष्ट सांगायची, मॅगेलनच्या जहाजातली उरलेली माणसं १५२२ ला पृथ्वीप्रदक्षिणा करून परत येताना केप व्हर्डे बेटांवर थांबली आणि बघतात तर किनाऱ्यावर गुरुवार, ह्यांच्या वहीत बुधवार, रोज नेमानं लिहिलेली वही. पोरं विचारायची, बाई मग एक दिवस कुठं गेला? मी सांगायची, सूर्याच्या मागं मागं पळताना थोडा थोडा सांडला. उत्तर बरोबर होतं, पण मला स्वतःला ते ह्या पट्ट्या सरकवताना पहिल्यांदा कळलं असं वाटतंय.

तर २३ तारीख. पहाटे पाचला उठले, आंघोळ, रांगोळी, फराळाचं ताट, कुंदा आदल्या दिवशीच आणलेला. गल्लीतल्या पोरांचा मातीचा किल्ला दारात, त्यावरचे मावळे रात्रीच्या पावसानं थोडे कलंडलेले. सव्वासहापासनं मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून आम्ही दोघं बसलो, हे तर इस्त्रीचा शर्ट घालून. साडेसहाला थोरला आला, मागं भगभगीत ऊन, ऑफिसच्या मागच्या अंगणात नारळाच्या झाडाखाली पाट म्हणून लाकडी फळी टाकून बसलेला. डोक्यावर टोपी नव्हती म्हणून रुमाल टाकलेला. दोन मिनिटांनी धाकटी, ती पण उन्हात, गॅलरीत, कारण आत स्मोक अलार्म आहे आणि गेल्या वर्षी उदबत्तीनं तो बोंबलला होता. दोघांच्या मागं तसलंच पांढरं दुपारचं ऊन. मी बघितलं आणि म्हणलं छप्पन्न मिनिटं ती हीच.

सुपारी तिला मिळाली नव्हती, तिकडं मॅकाडेमिया म्हणून एक गोल कवचाचं फळ मिळतं ते तिनं सुपारीच्या जागी ठेवलं. अंगठी आजीची. निरांजन लावलं की वारा यायचा, लावलं की यायचा, तीनदा विझलं, चौथ्यांदा तिनं काचेच्या बरणीत वात ठेवली आणि बरणीनंच ओवाळलं. थोरल्यानं स्वतःच्या बोटानं कुंकू लावून घेतलं कारण स्क्रीनमधनं लागत नाही, अक्षता पण स्वतःच डोक्यावर टाकल्या, हे एवढं गंभीर चेहऱ्यानं की मला हसू पण येईना आणि रडू पण. मधेच व्हिडिओ अडकला, धाकटीचा हात हवेत थांबला, आवाज येत राहिला. ओवाळणीचे पैसे त्यानं ॲपवरनं पाठवले आणि म्हणाला, बघ, मी गुरुवारी पाठवलेत, तुझ्या बुधवारीच निघाले. ती म्हणाली, मग व्याज दे एका दिवसाचं. हिशेबनीस माणूस, लगेच म्हणाला व्याज तू द्यायचंस.

वीस मिनिटात आटपलं. त्याचा जेवणाचा ब्रेक संपला, तिची लॅब होती. दोघांनी स्क्रीनशॉट काढले, तिच्यावर २२ तारीख, त्याच्यावर २३.

अक्का सकाळी फराळाचं ताट परत द्यायला आल्या तेव्हा विचारत होत्या, जमलं काय? मी म्हणलं जमलं. म्हणाल्या मग तदिगीला येत नाही म्हणायचं. म्हणलं येते की, ते कशाला सोडू.

संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर मी नेहमीसारखी ताट घेऊन गच्चीवर गेले. पश्चिमेला ढग होते, गोव्याच्या बाजूला, तरी एका फटीतनं कोर दिसली, नखाएवढी, फार खाली. ओवाळून घेतलं पटकन. त्या वेळेला धाकटीकडं गुरुवारची मध्यरात्र उलटून तीन वाजले असणार, थोरल्याकडं शुक्रवारचे दोन, दोघं झोपलेले. फोटो काढला, कोर काही नीट आली नाही, एक पांढरा ठिपका आणि अक्कांच्या पाण्याची टाकी आली, तरी ग्रुपवर टाकला.

रात्री दहाला धाकटीचा अंगठा आला, गुरुवारी पहाटे उठल्या उठल्या. साडेदहाला थोरल्याचा, शुक्रवारी पहाटे. बीज संपायला अजून पंधरा मिनिटं होती.